चुंबळ आणि हेल्मेट

आमच्या गल्लीच्या टोकाला एका घराचं बांधकाम चालू आहे. सकाळी फिरून येताना मी तिथं दोन मिनिटं थांबतोच. मागच्या आठवड्यात मुखेडकडच्या एक बाई डोक्यावर चुंबळ ठेवून विटा वाहत होत्या आणि त्यांचं नवंकोरं पिवळं हेल्मेट खिळ्याला लटकत होतं. मी शिक्षकी खाक्यात विचारलं, "बाई, हे घालत का नाही?"

"गुरुजी, हे घातल्यावर घमेलं कुठं ठेवू?"

इतकी वर्षं इतिहास शिकवला, पण याचं उत्तर काही मला देता आलं नाही.

या हेल्मेटचा जन्म पहिल्या महायुद्धातला म्हणायला हरकत नाही. सैनिकांची पोलादी शिरस्त्राणं पाहून आलेल्या एडवर्ड बुलार्ड या अमेरिकनाने 1919 साली खाणकामगारांसाठी कडक टोपी काढली. जाड कापड वाफवायचं, सरस लावायचा, वर काळा रंग! पुढे 1933 साली गोल्डन गेट पुलाचं काम सुरू झालं, तिथं अशी टोपी सक्तीचीच होती. त्यानंतर धातू आला, मग प्लास्टिक.

पण खरी करामत वरच्या कवचात नाही, आतल्या पट्ट्यांत आहे. कवच आणि टाळू यांच्यामध्ये पट्ट्या मोकळी जागा ठेवतात आणि बसलेला तडाखा त्या जागेत जिरतो. म्हणून आत टॉवेल कोंबला की हेल्मेट निकामीच समजा. आपली चुंबळ अगदी उलट काम करते. ती वजन टाळूवर नीट टेकवते, मानेवर सरळ उतरवते. एक टेकलेल्या ओझ्यासाठी, दुसरं पडणाऱ्या ओझ्यासाठी. डोकं मात्र एकच!

नांदेडात राहणाऱ्याला इथं पगडी आठवल्याशिवाय राहत नाही. ब्रिटनने 1989 साली कायदा करून पगडीधारी शिखांना बांधकामावर हेल्मेटमधून सूट दिली, 2015 साली ती बहुतेक इतर कामांनाही लागू केली. श्रद्धेने डोक्यावर आलेल्या वस्त्राची कायद्याने दखल घेतली, हे चांगलंच झालं. पोटासाठी डोक्यावर आलेल्या चुंबळीचा विचार मात्र हेल्मेट वाटताना कुणाच्या मनात येत असेल, असं वाटत नाही.

मला स्वतःला हे फार उशिरा कळलं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाची मणामणांची माती झोपलेल्या माणसांवर आली. तिथं कोणतं हेल्मेट पुरणार होतं? पण नंतर आम्ही काही शिक्षक ढिगारा उपसायला गेलो, ते डोक्याला उपरणं गुंडाळून. अर्धवट उभ्या भिंतीतून एक दगड सुटला आणि आमच्या एका सोबत्याच्या डोक्यात बसला. टाके पडले, वाचला. आपण टोपी घालायला हवी होती, हे तेव्हा आमच्यापैकी कुणालाही सुचलं नाही. असो.

हेल्मेट घेताना आयएसआय खूण आणि 2925 हा क्रमांक पाहावा. 4151 असेल तर ते मोटारसायकलचं, इथं उपयोगाचं नाही. टोपीच्या कडेखाली बनवल्याची तारीख असते तीही बघावी, कारण उन्हात प्लास्टिक ठिसूळ होतं. विजेच्या कामाला धातूचं चालत नाही. उंचावर असाल तर हनुवटीचा पट्टा हवाच. आणि एकदा जोरात मार बसला की वरून तडा दिसो न दिसो, ते टाकून द्यावं.

काल स्लॅब भरायचा होता. जिन्यावर माणसांची साखळी उभी राहिली, घमेली हातोहात वर जाऊ लागली. डोकी रिकामी झाली. मी म्हटलं, "बाई, आता घाला की." खाली उभ्या असलेल्यांनाच तर वरून पडणाऱ्याची भीती जास्त. त्यांनी पदर खोचला, खिळ्यावरचं हेल्मेट काढलं. मागची पट्टी सैल होती, ती दोन भोकं आवळायला सांगितली.

"टोचतंय जरा," त्या म्हणाल्या, आणि पुढचं घमेलं हातात घेतलं.