हार्ट फेल्युअरवर स्टेम सेल थेरपी: पैसे भरण्याआधी मोबाईलवर काय तपासाल?

स्टेम सेल म्हणजे मूळ पेशी. त्यांच्यापासून शरीरातल्या वेगवेगळ्या पेशी तयार होऊ शकतात. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नाही, तर त्याचं पंपिंग कमी पडणं. हार्ट अटॅकमध्ये मेलेला स्नायू जवळपास परत येत नाही, तिथे व्रण राहतो. त्या जागी मूळ पेशी सोडून नवा स्नायू तयार करायचा, ही या थेरपीची कल्पना.

मग ती चालते का?

खात्रीचा उपचार म्हणून अजून सिद्ध झालेली नाही. अस्थिमज्जेच्या पेशींनी उंदराच्या हृदयात नवा स्नायू तयार होतो, असा दावा २००१ मध्ये पिएरो अँव्हर्सा यांच्या टीमने केला आणि सगळीकडे आशा वाढली. पण २०१८ मध्ये त्यांच्या लॅबचे ३१ शोधनिबंध मागे घ्यावेत, असं खुद्द हार्वर्डनेच सांगितलं. २०२३ मध्ये छापून आलेल्या ड्रीम-एचएफ ट्रायलमध्ये ५०० हून जास्त पेशंट होते. तिचं मुख्य उद्दिष्ट साध्य झालं नाही, कारण हार्ट फेल्युअर वारंवार बळावणं काही कमी झालं नाही.

आपल्याकडचा नियम

आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत. रक्ताच्या आजारांतलं बोनमॅरो ट्रान्सप्लांट सोडलं, तर स्टेम सेलचा वापर फक्त मंजूर ट्रायलमध्येच करायचा. आणि ट्रायलमधल्या उपचाराचे पैसे पेशंटकडून घ्यायचे नाहीत.

आमच्या संभाजीनगरातल्या काकांचं ईएफ ३० आलं, तेव्हा एका सेंटरने लाखांचं पॅकेज सांगितलं. मी ट्रायलचा नंबर मागितला. "व्हॉट्सॲप करतो" म्हणाले, तो काही आला नाही.

असं तपासा

१. ब्राउझरमध्ये सीटीआरआय ही सरकारी वेबसाईट उघडा. भारतातल्या ट्रायल्सची नोंद इथे असते, शोधायला पैसे लागत नाहीत.
२. सर्चमध्ये आजाराचं नाव इंग्रजीत टाका, किंवा सेंटरने दिलेला नंबर.
३. हॉस्पिटलचं नाव जुळतं का, ते बघा.
४. नुसती नोंद म्हणजे मंजुरी नाही. एथिक्स कमिटी आणि डीसीजीआय, दोन्हींचे रकाने वाचा.
५. पैसे मागितले, तर तिथेच थांबा.

नंबर मिळाला तरी तो आधी आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा, घाटीतले असोत की खासगी. आणि चालू गोळ्या स्वतःहून बंद करू नका. आयुष्य वाढवतात हे सिद्ध झालेली औषधं त्यांतच आहेत.