ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल : कुमारांचे प्रशिक्षण

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमधील लहान व किशोरवयीन खेळाडूंना चेंडूवरील हुकमत आणि सामन्यातील निर्णयक्षमता शिकविण्याची पद्धती. या खेळाचे पहिले नियम मेलबर्न येथे १८५९ मध्ये लिहिले गेले.

खेळाचे स्वरूप : लंबवर्तुळाकार मैदानावर प्रत्येकी १८ खेळाडूंचे दोन संघ खेळतात. मैदानाची लांबी १३५ ते १८५ मी. असते. चेंडू लाथेने मारता येतो किंवा एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसता येतो (हँडबॉल). तो फेकता येत नाही. किमान १५ मी. आलेली किक हवेतच झेलल्यास तो ‘मार्क’ ठरतो आणि झेलणाऱ्याला विनाअडथळा किक मारण्याची संधी मिळते. ऑफसाइडचा नियम नसल्याने प्रतिस्पर्धी कोणत्याही दिशेने येऊ शकतो. चेंडू सोडण्याची संधी मिळूनही तो धरून ठेवणारा खेळाडू पकडला गेला (टॅकल), तर फ्री किक प्रतिपक्षाला मिळते. त्यामुळे चेंडू हाती येण्याआधीच आजूबाजूला पाहून ठेवण्याची सवय लावावी लागते.

टप्पे : प्राथमिक शाळेच्या वयातील मुलांसाठी ‘ऑस्किक’ हा उपक्रम आहे. त्यात छोटा चेंडू, आखूड मैदान व कमी खेळाडू असतात आणि टॅकल वर्ज्य असते. प्रत्येकाच्या वाट्याला चेंडू वारंवार यावा, हा त्यामागील हेतू. टॅकल व पूर्ण आकाराचे मैदान वयानुसार टप्प्याटप्प्याने येतात. चेंडूला उलटी फिरकी देणारी ‘ड्रॉप पंट’ किक अचूक जाते व झेलायला सोपी असते. म्हणून ती आधी शिकवतात. पुढे दोन्ही पायांनी किक मारण्याचा सराव होतो.

निर्णयक्षमतेचा सराव : समोरासमोर रांगा लावून किक मारण्याच्या जुन्या कवायतीत तंत्र सुधारते, पण प्रतिस्पर्धी नसल्याने निवड करावी लागत नाही. १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियात रुजलेल्या ‘गेम सेन्स’ पद्धतीत छोटे सामनेच सरावाचे साधन बनतात. उदा., चार विरुद्ध तीन अशा खेळात मोकळा सहकारी हेरून त्याच्याकडे वेळेत चेंडू द्यायचा असतो. प्रशिक्षक मैदानाची रुंदी, खेळाडूंची संख्या किंवा नियम बदलून अडचण वाढवितो आणि उत्तर सांगण्याऐवजी ‘कोण मोकळा होता?’ असे विचारतो. चित्रफीत ऐन क्षणी थांबवून पुढची चाल निवडायला लावणे, हेही एक साधन आहे.

संशोधन : बेरी, ॲबरनेथी व कोटे यांनी २००८ मध्ये ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगमधील खेळाडूंच्या बालपणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रतिपक्षाच्या हद्दीत शिरून गुण मिळविण्याच्या विविध खेळांना, त्यांतील मुक्त खेळासह, उत्तम निर्णय घेणाऱ्या खेळाडूंनी इतरांपेक्षा अधिक वेळ दिला होता, असे त्यात आढळले. त्यामुळे लहान वयात एकाच खेळाला जखडून न घेता बास्केटबॉलसारखे खेळही खेळणे निर्णयक्षमतेला पोषक मानले जाते.