शाळेनंतरच्या सावित्रीबाई

ऑक्टोबर 1882 मध्ये जोतीराव फुल्यांनी शिक्षणविषयक हंटर आयोगाला निवेदन दिलं. मुलींच्या शाळेत मी आणि माझी बायको पुष्कळ वर्षं बरोबरीनं काम करत होतो, असं त्यात ते सांगतात. नऊ-दहा वर्षांनंतर आपण त्या कामातून बाजूला झालो, असंही नोंदवतात. कारणांच्या तपशिलात शिरत नाहीत. शाळेचं साल तिथे 1854 दिलं आहे. ते धरता येत नाही, कारण 16 नोव्हेंबर 1852 रोजी विश्रामबागवाड्यात याच कामासाठी त्यांचा सरकारी सत्कार झाला होता. आठवणीत दोन-चार वर्षं मागेपुढे होतात. जोतीरावांबरोबर सावित्रीबाईही बाहेर पडल्या असं मानलं, तर 1860 च्या सुमारास त्यांची शिक्षकी संपली. तेव्हा त्या जेमतेम तिशीच्या होत्या आणि पुढे 1897 पर्यंत जगल्या. आपण फोटोपुढे हार घालतो तो पहिल्या दहा वर्षांना. उरलेल्या आयुष्याचे कागद आहेत, ते वाचले पाहिजेत.

मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या समग्र वाङ्मयात सावित्रीबाईंची जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रं आहेत. मला सर्वांत मोलाचं वाटतं ते 29 ऑगस्ट 1868 चं, नायगावहून म्हणजे माहेरहून लिहिलेलं. पंचांग घेऊन गावोगाव फिरणारा गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि शारजा ही महार मुलगी यांचं प्रेम जमलं. शारजाला सहावा महिना. गावकरी दोघांना मारत मारत रस्त्यातून नेत होते, जीव घ्यायचाच बाकी होता. सावित्रीबाई धावत गेल्या आणि सरकारी कायद्याचा धाक घालून त्यांनी लोकांना थांबवलं. दोघांनी गाव सोडावं यावर तड लागली, आणि सावित्रीबाईंनी त्यांना जोतीरावांकडे पाठवलं. पत्रात कुठेही बडेजाव नाही. पुण्यातल्या घरात या दोघांना जागा मिळेल हे त्या धरूनच चालल्या आहेत.

ते घर कसं होतं, हे 4 डिसेंबर 1884 च्या टिपणात दिसतं. बालविवाह आणि सक्तीच्या वैधव्याविषयी समाजसुधारक बेहरामजी मलबारींनी केलेल्या सूचनांवर मत देताना जोतीराव आपल्या बालहत्या प्रतिबंधक गृहाचा हिशेब मांडतात: आजवर 35 गरोदर विधवा आल्या, बाळंत झाल्या, मुलांपैकी पाच जिवंत आहेत. बाकीची तीस दगावली, कारण पोट पाडण्यासाठी घेतलेल्या जहाल औषधांनी ती गर्भातच पोळली होती. ज्या घरात हे होत होतं त्या घरची बाई सावित्रीबाई होती. शाळेच्या हजेरीपटाइतकाच हा आकडाही त्यांच्या चरित्राचा भाग आहे. याच टिपणात काशीबाई नावाच्या विधवेची हकिकत आहे. बाळाला मारल्याबद्दल तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. फुले दांपत्याचा दत्तक मुलगा यशवंत, त्याच्या जन्मदात्रीचंही नाव काशीबाईच सांगतात, म्हणून दोघींची सर्रास गल्लत होते. अंदमानात धाडलेली बाई पुढे दहा-अकरा वर्षांनी पुण्यात बाळंत होईल, हे जुळत नाही.

यशवंतविषयीचा भक्कम कागद म्हणजे 10 जुलै 1887 चं मृत्युपत्र. जोतीरावांचं उजवं अंग पक्षाघातानं लुळं पडलं ते पुढच्या वर्षी, मृत्युपत्र त्याआधीचं. सावित्रीबाईंनी यशवंतची नाळ कापली आणि पोटच्या मुलासारखा त्याला वाढवला, अशी नोंद त्यात आहे. मिळकतीचे हक्क या मायलेकांचे. रक्ताच्या नात्यावर दावा सांगणाऱ्या भाऊबंदांना जोतीरावांनी दूर ठेवलं. दत्तकाची जात लपवली नाही, उलट त्याचा जन्म कुठे झाला ते सरकारी दप्तरात लिहून ठेवलं.

28 नोव्हेंबर 1890 ला जोतीराव गेले. 1893 मध्ये सासवडच्या सत्यशोधक परिषदेच्या अध्यक्ष सावित्रीबाई होत्या. पुढे प्लेगच्या साथीत यशवंत डॉक्टर म्हणून उभा राहिला, आई रोग्यांच्या सेवेत. 10 मार्च 1897 रोजी प्लेगनंच त्यांचा अंत झाला.

शिक्षकांना माझी विनंती आहे: येत्या 3 जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, भाषणाऐवजी 1868 चं ते पत्र वर्गात संपूर्ण वाचून दाखवा.