मीठ, कर आणि आयोडीन

ताट वाढताना सर्वांत आधी मीठ वाढायचे, ही आपल्याकडची रीत. तेल, तूप, साखर, मसाले यांचा वापर घरच्या ऐपतीप्रमाणे कमीजास्त होतो. मिठाचे तसे नाही. श्रीमंत माणूस गरिबापेक्षा दहापट मीठ खाऊ शकत नाही. शिवाय धान्य, भाजी, मिरची घरच्या शेतात पिकू शकते; मीठ मात्र किनारा किंवा खाणींचा मुलूख सोडला तर सर्वांनाच विकत घ्यावे लागते. या दोन गुणांमुळे मिठाकडे आधी राज्यकर्त्यांचे लक्ष गेले आणि पुढे डॉक्टरांचे.

राज्यकर्त्यांची गोष्ट आपण शाळेत शिकवतोच. पण पुस्तकात सहसा नसलेला एक तपशील सांगण्यासारखा आहे. पश्चिमेकडचे स्वस्त मीठ कर चुकवून पूर्वेकडे जाऊ नये म्हणून इंग्रजांनी सिंधू नदीपासून महानदीपर्यंत सुमारे ४,००० किलोमीटर लांबीची जकातरेषा आखली होती. तिच्या बऱ्याच भागावर बाभूळ, बोर, करवंद आणि निवडुंग यांचे दाट कुंपण वाढवले होते. काही काळ या खात्याचे आयुक्त होते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम, म्हणजे पुढे राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ह्यूमसाहेब! ही रेषा १८७९ मध्ये मोडली. कर मात्र राहिला. दांडीपाठोपाठ १९३० मध्येच आपल्या शिरोड्याला सत्याग्रह झाला तो याच करासाठी. कर अखेर १९४७ मध्ये रद्द झाला.

आता डॉक्टरांकडे वळू. १८११ साली नेपोलियनच्या युद्धांसाठी सोरा तयार करणाऱ्या बर्नार कूर्त्वा या फ्रेंच रसायनज्ञाने समुद्रशैवालाच्या राखेत गंधकाम्ल जरा जास्त घातले, आणि जांभळ्या वाफा निघाल्या. ते होते आयोडीन. १८२० मध्ये जिनीव्हाच्या कॉइंदे या डॉक्टरने ते गलगंडावर वापरले. गाठी उतरल्या, पण मात्रा फार जास्त असल्याने काही रोग्यांना अपायही झाला आणि उपचार बदनाम झाला. १८३० च्या दशकात बूसँगोने दक्षिण अमेरिकेत पाहिले, की विशिष्ट झऱ्यांचे मीठ खाणाऱ्यांना गलगंड होत नाही. त्या मिठात आयोडीन होते. तेच मीठ लोकांना वाटावे, असे त्याने सुचवले. सूचना अचूक होती, पण अमलात यायला जवळजवळ ९० वर्षे लागली. मधल्या काळात, १८९५ मध्ये, बाउमानने गळ्यातील अवटू ग्रंथीत (थायरॉइड) आयोडीन असल्याचे दाखवले आणि गलगंडाचा दुवा जुळला. अमेरिकेत ॲक्रन येथे १९१७ पासून मरीन आणि किंबॉल यांनी शाळकरी मुलींवर मोठा प्रयोग केला. आयोडीनचा क्षार घेणाऱ्या २,१९० मुलींपैकी ५ जणींच्या ग्रंथी वाढल्या. न घेणाऱ्या २,३०५ पैकी ४९५ जणींच्या. १९२२ मध्ये स्वित्झर्लंडच्या एका प्रांतात आणि १९२४ मध्ये अमेरिकेच्या मिशिगन राज्यात आयोडीनयुक्त मीठ विक्रीला आले.

गरज तरी किती? प्रौढ माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम. सत्तर वर्षांचा हिशोब मुलांकडून करून घ्यावा: जेमतेम ४ ग्रॅम, एक चमचाभरही नाही! पण हे चमचाभर आयोडीन एकदम घेऊन चालत नाही. ते रोज थोडेथोडे मिळावे लागते. गर्भारपणी ते कमी पडले तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. तीव्र अभाव असलेल्या प्रदेशांत मूकबधिरता, खुजेपणा आणि मतिमंदत्व दिसते. गलगंड हे फक्त वरून दिसणारे लक्षण होय.

इथे कोकणातले वाचक विचारतील, की समुद्राच्या मिठात आयोडीन असणारच, मग वेगळे घालायचे कशाला? आकडेमोड करू. एक लिटर समुद्रजलात सुमारे ३५ ग्रॅम क्षार आणि जेमतेम ०.०६ मिलिग्रॅम आयोडीन असते. ते सगळेच्या सगळे मिठात उतरले असे मानले, तरी किलोमागे २ मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही. हवे असते किमान १५. प्रत्यक्षात मिठाचे स्फटिक तयार होताना त्यातलेही बहुतेक आयोडीन उरलेल्या खाऱ्या पाण्यात राहते. मासे आणि शैवाल यांची गोष्ट वेगळी, ते आयोडीन साठवतात. सैंधवावरही या बाबतीत भरवसा ठेवता येत नाही.

हिमालयाच्या पायथ्याला हिमनद्या, पाऊस आणि पूर यांनी मातीतले आयोडीन धुऊन नेले आहे. तिथल्या कांग्रा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी १९५६ पासून केलेला प्रयोग मला भारतीय विज्ञानातील अत्यंत देखण्या प्रयोगांपैकी एक वाटतो. सुमारे एक लाख लोकवस्तीचे तीन विभाग पाडले. एकाला पोटॅशियम आयोडाइड घातलेले मीठ, दुसऱ्याला आयोडेट घातलेले, तिसऱ्याला साधे. सुरुवातीला तिन्हीकडे शाळकरी मुलांत गलगंडाचे प्रमाण सुमारे ३८ टक्के होते. सहा वर्षांनी पहिल्या दोन विभागांत ते निम्म्यावर किंवा त्याहून खाली आले, तिसऱ्यात होते तिथेच राहिले. मग तिसऱ्यालाही आयोडीनयुक्त मीठ सुरू केले, आणि तिथेही ते घटले. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आपल्या मिठात आज आयोडेट असते, कारण दमट हवेत आयोडाइडमधील आयोडीन उडून जाते. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते ते मॅग्नेशियम क्लोराइडमुळे. अशा ओल्या मिठात आयोडाइड टिकत नाही.

खरा वाद पुढे पेटला. साधे मीठ खाण्यासाठी विकण्यावर १९९८ मध्ये देशभर बंदी आली, २००० मध्ये केंद्राने ती उठवली, आणि २००६ पासून पुन्हा लागू झाली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुना नियम त्या कायद्याच्या कक्षेबाहेरचा ठरवला. त्याच वर्षी नव्या अन्नसुरक्षा कायद्याखालील नियमांत ही तरतूद आली. ज्याला अभाव नाही त्याला सक्ती का, हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. दीर्घकाळ अभावात राहिलेल्या वयस्कांत अवटूचे काम बेसुमार वाढण्याचा थोडा धोकाही असतो. तरीही माझे मत सक्तीच्या बाजूचे आहे, कारण पोटातल्या बाळाला मिठाची पुडी निवडता येत नाही. मात्र किलोभर मिठाला लागते जेमतेम ५० मिलिग्रॅम आयोडेट. ते फवारण्याची सोय छोट्या मिठागरांपर्यंत नेणे अवघड नव्हते. तिथे कायदा आधी पोचला, सोय मागून, हे मला खटकते.

वर्गात तपासणी सोपी आहे. मुलांनी घरून चिमूटभर मीठ आणावे. त्यावर भाताची गार पेज, पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणाचे दोन थेंब आणि लिंबाचा रस टाकावा. आयोडेट असेल तर निळा-जांभळा रंग येतो. एक नमुना मिठाशिवाय जरूर ठेवावा. प्रयोगशाळेतली आयोडाइडची बाटली जुनी असेल, तर रंग तिथेही येतो.