पांढरा डाग दिसल्यानंतर

आज मुंबईच्या झोपडपट्ट्यांत जाऊया. १९९८ साली टाटा मेमोरियलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्रींनी दीड लाख बायकांचा अभ्यास सुरू केला. त्यातल्या निम्म्या जणींची तपासणी दहावी शिकलेल्या, प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रिया करत: गर्भाशयमुखाला सौम्य व्हिनेगर लावायचं आणि पांढरा डाग दिसतो का ते पाहायचं. डाग म्हणजे कर्करोगच असं नव्हे; खात्रीसाठी कॉल्पोस्कोपी, म्हणजे भिंगातून तपासणी. पण बोलावणं आलं की पोटात गोळा येतो, मजुरी बुडते, घरी काय सांगायचं हा प्रश्न उरतो. पाचातली एक परत आलीच नाही. तरीही २०१३ साली निष्कर्ष आला: या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. परत न आलेलीची तपासणी मात्र अर्धीच राहिली.