घरगुती लाकडी आमिष : घडण आणि लेप

हस्तव्यवसायांच्या इतिहासात घरगुती कारागिरी ही यंत्रयुगापूर्वीची अवशिष्ट अवस्था मानण्याची प्रवृत्ती आढळते. फिनलंडमधील मच्छीमार लाउरी रापाला (१९०५–१९७४) यांनी घडविलेले मासेमारीचे कृत्रिम आमिष या समजुतीस बाध आणते. पाइयान्ने सरोवरावर उदरनिर्वाह करीत असता, मोठा मासा थव्यातील दुखावलेल्या, डगमगत पोहणाऱ्या लहान माशावरच झडप घालतो, हे त्यांनी हेरले. गळांस जिवंत मासे टोचण्यात जाणारा वेळ वाचवावयाचा, तर ही डगमग कोरीव आमिषात उतरविणे प्राप्त होते. १९३६ साली चांभाराच्या रापीने त्यांनी बुचाचे पहिले आमिष कोरले. पुढे पाइनची साल व बाल्साचे हलके लाकूडही वापरले.

घडणीइतकाच लेपाचा प्रश्न बिकट होता. उघडे लाकूड पाणी शोषते, आणि जड होताच आमिषाची चाल बिघडते. रापाला यांनी चॉकलेटच्या वेष्टनातील चंदेरी कागद त्यावर चढविला, आणि छायाचित्रांच्या निगेटिव्ह वितळवून त्यांचे रोगण दिले. म्हणजे रापी परंपरेची. चकाकी व जलरोधन मात्र कारखानी मालाच्या टाकाऊ अवशेषांचे! यास निव्वळ लोककला म्हणणे कठीण आहे. प्रत्येक नग पाण्यात ओढून पारखल्यावाचून विकावयाचा नाही, हा दंडकही त्यांनी पाळला. मेरिलिन मन्रोच्या निधनानंतरच्या, ऑगस्ट १९६२ मधील 'लाइफ' साप्ताहिकाच्या अंकात या आमिषावर लेख आला, आणि मागणी पुरवठ्याच्या कितीतरी पुढे गेली.