साउथ ब्राँक्सची व्यक्तिशिल्पे

न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्स भागातील रहिवाशांचे साचे घेऊन जॉन अहर्न (जन्म १९५१) व रिगोबर्टो टोरेस (जन्म १९६०) यांनी १९७९ पासून घडविलेली रंगीत, वास्तववादी शिल्पे. सत्तरच्या दशकात आगी लागून आणि घरमालकांनी इमारती वाऱ्यावर सोडल्याने हा भाग उजाड झाला होता. तिथल्या कृष्णवर्णीय व प्वेर्तो रिकन वस्तीची बाहेरच्या जगाला ओळख उरली ती ढिगाऱ्यांच्या छायाचित्रांतून.

‘फॅशन मोडा’ या कलादालनात अहर्न यांनी येणाऱ्या-जाणाऱ्यांचे साचे घेण्यास सुरुवात केली. टोरेस तिथे आले ते परिसरातलाच एक मुलगा म्हणून. नातलगाचा धार्मिक मूर्तींचा कारखाना असल्याने साचेकाम त्यांच्या परिचयाचे होते. दंतवैद्य ठशासाठी वापरतात त्या आल्जिनेटचा थर चेहऱ्यावर, श्वासासाठी नाकपुड्यांत नळ्या आणि वरून प्लास्टरच्या पट्ट्या, अशी ही पद्धत. साच्यात डोळे मिटलेलेच उमटतात. ते उघडणे, मुद्रेत जीव आणणे आणि रंगविणे हे शिल्पकाराचे खरे काम. एक प्रत ज्याची त्याला दिली जाई. अर्धपुतळा हा राजे, पुढारी, देणगीदार यांचा मान. इथे तो शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या घरच्या भिंतीवर गेला, हे या कामाचे सर्वांत मोठे यश मानावे लागेल. केली स्ट्रीटवरील इमारतीच्या भिंतीवर दोन दोरांवरून उड्या मारणाऱ्या चार मुली (१९८१–८२) याच काळातल्या.

सप्टेंबर १९९१ मध्ये शहराच्या सार्वजनिक कला योजनेतून पोलीस ठाण्यासमोर अहर्न यांचे तीन ब्राँझ पुतळे बसले : कुत्र्यासह बसलेला तरुण, बास्केटबॉल व मोठा टेपरेकॉर्डर घेतलेला माणूस आणि चाकांच्या बुटांवरील मुलगी. तिघेही त्याच वस्तीतले, शिल्पकाराच्या ओळखीचे. तरीही काही रहिवासी व पालिका अधिकारी संतापले. कृष्णवर्णीयांबद्दलचे वाईट समजच या पुतळ्यांनी पक्के होतात, आमच्या मुलांपुढे असे आदर्श नकोत, असे त्यांचे म्हणणे होते. घरात कौतुकाने टांगलेली प्रतिमा चबुतऱ्यावर चढली की साऱ्या समाजाच्या वतीने बोलू लागते. त्यामुळे हा आक्षेप कलेच्या अज्ञानातून आला असे म्हणणे अन्यायाचे होईल. अहर्न यांनी तो मनावर घेतला आणि पाच दिवसांत पुतळे स्वतःहून हलविले. पुढे ते क्वीन्समधील सॉक्रेटिस शिल्पउद्यानात ठेवण्यात आले.

ब्राझीलमधील इन्योचिं संग्रहालयासाठी दोघांनी २००५–०६ मध्ये ब्रुमाजिन्यो गावच्या रहिवाशांची भित्तिशिल्पे केली. त्यांपैकी एकात गावचे बसस्थानक आहे.